वारसा जपायचा तर वस्ती जपा

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने जाहीर केलं, की अल्बर्टा प्रांतातल्या व्हेग्रविल या गावातलं इमिग्रेशनच्या अर्जांची छाननी करणारं कार्यालय बंद होईल आणि काम प्रांताच्या राजधानीत, एडमंटनला हलवलं जाईल. इमारतीचा भाडेकरार संपत आलाय आणि शहरात माणसं मिळणं सोपं जातं, अशी कारणं देण्यात आली. गावाने जीव तोडून विरोध केला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये कार्यालयाला कुलूप लागलं. जेमतेम ५,७०० वस्तीच्या गावातून दोनशेहून जास्त पक्क्या पगाराच्या नोकऱ्या एका निर्णयाने निघून गेल्या.

त्याच गावातल्या एका बागेत १९७५ पासून एक प्रचंड पिसांका उभा आहे. पिसांका म्हणजे मेणाच्या रेघांनी नक्षी काढून रंगवलेलं ईस्टरचं अंडं, युक्रेनी घरांतली जुनी कला. व्हेग्रविलचं अंडं ॲल्युमिनियमचं आहे, नऊ मीटरहून उंच आहे आणि वाऱ्याबरोबर फिरतं. रॉन रेश या अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या प्राध्यापकाने त्याची भूमिती संगणकावर मांडली होती. माउंटेड पोलीस या कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाच्या शताब्दीसाठी ठेवलेल्या सार्वजनिक निधीतून ते झालं. प्रवासी थांबतात, फोटो काढतात, पुढे जातात.

सरकारदरबारी या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत मोडतात. अंडं संस्कृतीच्या फायलीत, कार्यालय प्रशासनाच्या. मला वाटतं ही एकच फाइल आहे. ज्या प्रदेशाचा वारसा जपायचा म्हणून आपण पुतळे, फलक, संग्रहालयं उभी करतो, त्याच प्रदेशातून माणूस निघून जाईल असे निर्णय आपण दर दहा-वीस वर्षांनी घेत आलो आहोत. त्या निर्णयांचा हिशेब वारशाच्या खात्यात कधीच लिहिला जात नाही.

हा प्रदेश म्हणजे एडमंटनच्या पूर्वेला आणि ईशान्येला पसरलेला पट्टा: लमॉन्ट, चिपमन, मंडेअर, व्हेग्रविल, अँड्र्यू, विलिंग्डन, टू हिल्स, स्मोकी लेक. कॅनडातली सर्वांत जुनी आणि एकेकाळी सर्वांत मोठी युक्रेनी शेतकरी वसाहत इथे वाढली. मॅनिटोबात डॉफिन आणि गार्डनटनच्या आसपास, सस्कॅचेवानमध्ये कॅनोरा, हॅफर्ड, वाकॉच्या बाजूला असेच पट्टे आहेत, पण मी एडमंटनमध्ये राहतो आणि मला हाच भाग जवळून ठाऊक आहे. इथला रस्ता धरून गेलं की सपाट रानाच्या कडेवर अचानक कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो, त्यावर तीन आडव्या दांड्यांचा क्रूस, शेजारी दफनभूमी. आसपास एकही घर नसतं. एकट्या लमॉन्ट काउंटीत ४७ चर्च मोजली जातात आणि काउंटी स्वतःला उत्तर अमेरिकेची चर्च-राजधानी म्हणवते. त्यातल्या कित्येक ठिकाणी वर्षातून एकदाच प्रार्थना होते, त्या चर्चच्या संताच्या सणाला. त्या दिवशी एडमंटन, कॅल्गरीहून नातवंडं-पतवंडं येतात, कबरींवर पाणी शिंपडलं जातं, सगळे मिळून जेवतात, संध्याकाळी गाड्या परत शहराकडे वळतात.

मराठी वाचकाने या दूरच्या प्रदेशाची काळजी का करावी? दोन कारणं आहेत. पहिलं पोटाचं. भारतात बाहेरून येणारी मसूरडाळ आणि पिवळा वाटाणा यांचा मोठा वाटा कॅनडाच्या प्रेअरीतून, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ सपाट प्रांतांतून, विशेषतः सस्कॅचेवानमधून येतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरमध्ये मसुरीवर ३० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा दिल्लीतल्या त्या निर्णयाची झळ तिथल्या शेतकऱ्याला थेट बसली. दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. कॅनडात आज आपण मराठी शाळा चालवतो, गणपती बसवतो, सरकारी अनुदान मागायचं धाडस करतो, ते ज्या बहुसांस्कृतिक धोरणाच्या भरवशावर, ते धोरण मिळवण्यात या गावांतून आलेल्या माणसांचा फार मोठा हात आहे. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण ती कहाणी गावापासूनच सुरू करावी लागते.

१८९१ साली गॅलिशियातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या, नेबिलिव्ह गावचे इव्हान पिलिपिव्ह आणि वासिल एलेन्याक कॅनडात उतरले. गॅलिशिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. जमीन जमीनदारांकडे, शेतकऱ्याकडे तुकडे, आणि प्रत्येक पिढीत त्या तुकड्यांचे आणखी तुकडे. पिलिपिव्ह परत जाऊन लोकांना कॅनडाची माहिती देऊ लागला तर त्याला तुरुंगात टाकलं. १८९५ मध्ये ल्व्हिव्हचे शेतीतज्ज्ञ ओसिप ओलेस्कीव्ह यांनी पुस्तिका लिहिल्या, स्वतः जाऊन कॅनडा पाहिला आणि मग लोंढा सुरू झाला. पहिल्या महायुद्धाआधी सुमारे १ लाख ७० हजार युक्रेनी कॅनडात आले. कॅनडाचे गृहमंत्री क्लिफर्ड सिफ्टन यांना असेच लोक हवे होते. मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, दहा पिढ्या माती कसलेला, बायको-मुलांसकट येणारा शेतकरी ही त्यांच्या लेखी उत्तम भरती होती. दहा डॉलर नोंदणी फी, १६० एकर जमीन, तीन वर्षं राहून घर बांधायचं आणि ठरलेली जमीन मोडून लागवडीखाली आणायची, ही अट.

ही जमीन रिकामी नव्हती. १८७६ च्या सहाव्या करारानंतर क्री आणि इतर आदिवासींना राखीव तुकड्यांत बसवण्यात आलं होतं, मेटी, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांचे हक्क कागदी दाखल्यांत गुंडाळले गेले होते, रानगव्यांचे कळप संपवून झाले होते. सॅडल लेकची क्री वस्ती या युक्रेनी पट्ट्याच्या अगदी शेजारी आहे. युक्रेनी शेतकऱ्याने ही हकालपट्टी केली नाही, पण त्याला मिळालेला दहा डॉलरचा तुकडा तिच्यामुळेच मोकळा झाला. प्रेअरीच्या वारशाबद्दल बोलताना ही गोष्ट टाळणाऱ्याशी माझं जमत नाही. ती सांगितल्याने त्या शेतकऱ्याचे कष्ट छोटे होत नाहीत.

आणि कष्ट खरोखर अफाट होते. बहुतेकांनी उघडी गवताळ सपाटी सोडून ऍस्पेनच्या झाडीचा पट्टा निवडला. जुन्या गावी सरपणाची काटकी जमीनदाराच्या परवानगीशिवाय उचलता येत नसे, म्हणून लाकूड त्यांना सोन्यासारखं वाटलं. पहिला हिवाळा जमिनीत खोदलेल्या बुर्देईत, वर फांद्या आणि मातीचं छप्पर. मग लाकडी ओंडक्यांचं, मातीने लिंपलेलं, चुन्याने सारवलेलं घर. आत मातीची मोठी भट्टी, पीच.

पण जमिनीची मोजणीच अशी होती, की गाव वसणार नाही. सहा मैल लांब, सहा मैल रुंद तुकडा, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, त्याच्या चौथाईवर एक कुटुंब. विषम क्रमांकाचे भाग रेल्वे कंपन्यांसाठी बाजूला, काही हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीला, काही शाळांच्या निधीसाठी. ज्या माणसांचं आयुष्य भिंतीला भिंत लागलेल्या गावात गेलं, ती एकमेकांपासून अर्धा-एक मैल दूर फेकली गेली. मग त्यांनी हाताने गाव उभारलं. चर्च हे त्या गावाचं एक टोक, ‘नारोदनी दिम’ हे दुसरं. नारोदनी दिम म्हणजे लोकांचं सभागृह. तिथे वाचनालय होतं, शेवचेन्को आणि फ्रांको यांच्या कविता होत्या, नाटकं होत, वर्तमानपत्र एकजण मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत. सहकारी संस्थांच्या बैठका तिथेच, वादही तिथेच. वाद पुष्कळ होते. उत्तरेकडे गॅलिशियाशेजारच्या बुकोव्हिनातून आलेले ऑर्थोडॉक्स, दक्षिणेकडे गॅलिशियातले ग्रीक कॅथलिक, मध्ये रशियन मिशनरी. स्टार या वसाहतीतल्या एका चर्चच्या मालकीचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. शिवाय डाव्या विचारांची कामगार-शेतकरी ‘मंदिरं’, म्हणजे त्यांची सभागृहं, वेगळी. इतकी भांडणं करायला माणसांची दाटी लागते, आणि ती तिथे होती.

सरकारचं या माणसांशी वागणं धड नव्हतं. १९१३ मध्ये अल्बर्टाच्या शिक्षण खात्याने युक्रेनी शिक्षकांना अपात्र ठरवून काढलं. काही ठिकाणी पालकांनी नव्या शिक्षकाकडे मुलं पाठवायला नकार दिला. मॅनिटोबात १८९७ पासून चालत आलेलं द्विभाषिक शिक्षण १९१६ मध्ये बंद झालं. महायुद्ध सुरू होताच ऑस्ट्रियाचे पासपोर्ट असलेले हे लोक ‘शत्रुदेशीय’ ठरले. सुमारे ८० हजार जणांना नाव नोंदवून पोलिसांकडे हजेरी द्यावी लागली, ८,५७९ जणांना २४ छावण्यांत डांबलं गेलं. त्यात बहुसंख्य युक्रेनी होते. बॅन्फ आणि जास्परच्या ज्या राष्ट्रीय उद्यानांत आज आपण पाहुण्यांना हौसेने फिरायला नेतो, तिथले काही रस्ते या कैद्यांनी बांधले. १९१७ च्या कायद्याने शत्रुदेशातून आलेल्या, १९०२ नंतर नागरिक झालेल्या हजारोंचा मताधिकारही काढला. शेवटच्या छावण्या १९२० मध्ये बंद झाल्या. संसदेने या अन्यायाची कायद्याने दखल घेतली २००५ साली.

इतकं सोसून या वस्त्यांनी काय केलं ते पाहा. सस्कॅटूनमध्ये १९१६ साली मोहिला इन्स्टिट्यूट निघालं, शेतकऱ्यांच्या मुलांनी वसतिगृहात राहून इंग्रजीत शिकावं आणि आपली भाषाही टिकवावी म्हणून. १९१३ मध्ये अँड्र्यू शँड्रो व्हिटफर्डमधून अल्बर्टाच्या विधानसभेत गेले. १९२६ मध्ये व्हेग्रविल मतदारसंघाने मायकल लुचकोविच यांना ओटावाला पाठवलं. कॅनडाच्या संसदेतले ते पहिले युक्रेनी वंशाचे खासदार. ३ जानेवारी १९४७ रोजी कॅनडाच्या स्वतंत्र नागरिकत्वाचा पहिला समारंभ झाला, त्यात पंतप्रधान मॅकेंझी किंग यांच्याबरोबर ज्यांना प्रमाणपत्र मिळालं, त्यांत चिपमनजवळ शेती करणारा वृद्ध वासिल एलेन्याक होता. सस्कॅचेवानच्या ग्रामीण भागात जन्मलेले पॉल युझिक सिनेटर झाले आणि ३ मार्च १९६४ रोजी आपल्या पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितलं, की इंग्रज आणि फ्रेंच अशा दोनच खांबांवर कॅनडा उभा नाही, तिसरीही शक्ती आहे. द्विभाषिकता आणि द्विसंस्कृती यांचा आयोग तेव्हा काम करत होता. युक्रेनी संघटनांनी आपलं म्हणणं मांडून त्याला अक्षरशः भंडावून सोडलं. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पिएर ट्रुडो यांनी संसदेत बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी ते विनिपेगला युक्रेनी-कॅनेडियन काँग्रेससमोर बोलायला गेले. कोणाचं देणं फेडलं जातंय हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच वर्षी अल्बर्टाने शालेय कायदा बदलून इंग्रजीखेरीज इतर भाषांत शिकवायला वाट मोकळी केली. १९७४ मध्ये सरकारी शाळांत इंग्रजी-युक्रेनी वर्ग सुरू झाले, एडमंटनमध्ये. मुलं तोवर शहरात आलेली होती. ज्या हक्कासाठी गावांनी साठ वर्षं टोले खाल्ले, तो मिळाला तेव्हा गाव रिकामं होत आलं होतं.

ते का रिकामं झालं? नेहमीचं उत्तर असं, की शेती यांत्रिक झाली, मुलं शिकली, चांगल्या आयुष्यासाठी गेली, यात दोष कोणाचा? या उत्तरात तथ्य आहे. शिकलेल्या मुलीने व्हेग्रविलमध्ये राहावं असा आग्रह धरायचा हक्क मला नाही, कोणालाच नाही. तिच्या आजीनेही गॅलिशिया सोडलंच होतं. पण हे उत्तर निम्मंच आहे. उरलेलं निम्मं सरकारी राजपत्रांत सापडतं. १९३६ मध्ये अल्बर्टाने छोटे शाळा-जिल्हे मोडून मोठे विभाग करायला घेतले. सुरुवातीला त्याचा फायदाही झाला, पण पुढे एकेका खोलीच्या शाळा बंद पडत गेल्या आणि शिपेनित्स, कोलोमेया अशी जुन्या मुलखातली नावं घेऊन उभ्या राहिलेल्या शाळा नकाशावरून गेल्या. १८९७ च्या, रेल्वे कंपनीबरोबरच्या क्रोज नेस्ट करारातून आलेली धान्य-वाहतुकीची सवलत १९९५ मध्ये पूर्ण संपली. त्यानंतर फाटे-मार्गांचे रूळ उखडले गेले. रूळ गेले तशी लाकडी धान्य-कोठारं गेली. १९३०च्या दशकात प्रेअरीत पावणेसहा हजारांच्या आसपास कोठारं होती, आणि प्रत्येक कोठाराभोवती एक दुकान, एक टपाल कचेरी, एक चहा-कॉफीची जागा होती. स्मोकी लेकवरून जाणारी रेल्वे होती तिथे आज सायकली आणि स्नोमोबाइलसाठी वाट आहे. वाट छान आहे. तिच्यावरून गहू जात नाही. २०१७ मध्ये सस्कॅचेवानने आपली सरकारी बससेवा बंद केली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरअखेर ग्रेहाउंड बस पश्चिम कॅनडातून निघून गेली. व्हेग्रविलचं कार्यालय बंद झाल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

यातला प्रत्येक निर्णय सुटा घेतला तर समर्थनीय वाटतो. तोट्यातली बस, पटसंख्या नसलेली शाळा, महागडा भाडेकरार. खरी चूक ते सुटे घेण्यात आहे. शाळा गेली की तरुण कुटुंब येत नाही. कुटुंब नाही म्हणून दवाखान्याला परिचारिका मिळत नाही. दवाखाना नाही म्हणून म्हातारी माणसं शहरात हलतात. आणि सभागृहाच्या स्वयंपाकघरात पिरोही, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, लाटणाऱ्या सात-आठ बाबा, म्हणजे आज्या, एकेक करून कमी होतात. मग कोणीतरी अहवाल लिहितो की युक्रेनी परंपरा लोप पावत आहे, आणि तिच्या जतनासाठी प्रकल्प सुचवतो. प्रकल्पात व्हिडिओ असतो, फलक असतो. बस नसते.

मी संग्रहालयांच्या विरोधात नाही. एडमंटनपासून अर्ध्या तासावर, यलोहेड महामार्गालगत असलेलं युक्रेनियन कल्चरल हेरिटेज व्हिलेज मनापासून सुंदर काम आहे. आसपासच्या गावांतून खरी घरं, चर्च, दुकानं, धान्य-कोठार उचलून तिथे नीट मांडली आहेत. बुर्देईत वाकून शिरल्यावर पहिल्या हिवाळ्याचा अर्थ कळतो. पण तिथला काळ १९३० ला थांबतो. पाहुण्याला कष्टाळू शेतकरी दिसतो, भरतकामाचा सदरा दिसतो, आणि मग इतिहास संपतो. रूळ कोणी उखडले, शाळा कोणी मिटवली हे विचारायला तिथे जागा नाही. मंडेअरला ४२ फुटांचं सॉसेज आहे, ग्लेंडनला काट्यावर टोचलेली पिरोही आहे, अँड्र्यूला प्रचंड बदक आहे. गावांनी ही शिल्पं हौसेने, पर्यटक थांबावा म्हणून उभारली आणि त्यांच्या उत्साहाला मी नावं ठेवणार नाही. महामार्गावरचा माणूस निदान दहा मिनिटं थांबावा, ही त्या गावाची धडपड आहे. धडपड करायची वेळ त्यांच्यावर कोणी आणली, हा माझा प्रश्न आहे.

चर्चच्या बाबतीत मात्र मला या समाजाशीही थोडं भांडायचं आहे. मॅनिटोबात कुक्स क्रीकला फादर फिलिप रू यांच्या आराखड्यावरून गावकऱ्यांनी १९३० पासून बावीस वर्षं राबून जे चर्च उभं केलं, गार्डनटनला १८९९ चं जे लाकडी चर्च अजून उभं आहे, ती राष्ट्राने सांभाळलीच पाहिजेत. पण प्रत्येक घुमट वाचवता येणार नाही. छप्पर, विमा, वीज पडण्याचा धोका, गवताच्या वणव्याचा धोका, आणि हे सगळं पाहणारी समिती तीन-चार वृद्धांची. काही चर्चची छायाचित्रं, नोंदी, भित्तिचित्रं नीट जतन करून ती सन्मानाने बंद करावीत, असं मला वाटतं. वाचलेली ताकद सभागृहांवर लावावी. नारोदनी दिमचा जन्मच मुळी जिवंत कामासाठी झाला होता. तिथे आज आठवड्यातून दोन दिवस परिचारिका बसू शकते, घरून काम करणाऱ्यांसाठी वेगवान इंटरनेट असू शकतं, इंग्रजीचे वर्ग भरू शकतात, मोठं स्वयंपाकघर तर आहेच. ज्या चर्चच्या वार्षिक सणाला दोनशे माणसं शहरातून येतात, त्यांनी त्या दिवशीच्या देणगीपेक्षा वर्षभराच्या या कामाला पैसे द्यावेत. हे ऐकून कोणी दुखावलं तरी मी हे म्हणेन.

एक आक्षेप मला वारंवार ऐकू येतो: एका वंशाच्या आठवणींसाठी सगळ्यांचा करपैसा का खर्चायचा? म्हणूनच मी पुतळ्यांऐवजी बस मागतो आहे. बस वंश विचारत नाही. टू हिल्समध्ये आज मेक्सिकोहून आलेल्या, घरी लो जर्मन ही बोली बोलणाऱ्या, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांची इतकी मुलं आहेत की त्यांच्यासाठी वेगळी शाळा चालते. छोट्या गावांतल्या दुकानांत, वृद्धाश्रमांत फिलिपिनो आणि पंजाबी माणसं काम करताना दिसतात. सॅडल लेकच्या लोकांनाही इस्पितळापर्यंत जायला वाहन लागतं. या प्रदेशाचा युक्रेनी वारसा उद्या टिकला तर तो या शेजाऱ्यांच्या सोबतीनेच टिकेल. १९०५ मध्येही तो क्री, फ्रेंच, पोलिश, रोमेनियन शेजाऱ्यांच्या सोबतीनेच वाढला होता.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दरडोई हिशेबात ग्रामीण सेवा महाग पडते, हे खरं. पण हिशेब पूर्ण मांडा. याच पट्ट्यातून कॅनोला हे तेलबियांचं पीक आणि गहू निर्यात होतो, लमॉन्ट काउंटीच्या पश्चिम टोकाला अल्बर्टाच्या मोठ्या औद्योगिक पट्ट्याचा भाग आहे, इथल्या जमिनीखालून तेल आणि वायू जातो. संपत्ती इथून निघते, मोजली शहरात जाते. आणि जमीन कमी-कमी हातांत चालली आहे. २०१६ च्या कृषी-गणनेत सस्कॅचेवानमधली सरासरी शेती १,७८४ एकरांची होती; ज्या देशाने १६० एकरांवर एक कुटुंब असा हिशेब घालून ही प्रेअरी वसवली, तिथे आता अकरा कुटुंबांची जमीन एक घर कसतं. नव्या तरुणाला ही जमीन विकत घेणं अशक्य आहे. म्हातारा शेतकरी निवृत्त होताना त्याने जमीन नव्या शेतकऱ्याला विकली किंवा दीर्घ मुदतीने कसायला दिली तर करात भरघोस सवलत मिळावी, आणि प्रांताच्या मालकीच्या जमिनीतला काही वाटा छोट्या, भाजीपाला-दुधाच्या शेतीसाठी राखून ठेवावा. एवढ्याने चित्र उलटणार नाही, पण एखादी शाळा चालू राहील इतकी मुलं गावात येतील.

कार्यालयांचं तर याहून सोपं आहे. अर्जांची छाननी संगणकावर होते, आणि २०२० च्या साथीने दाखवून दिलं की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावरूनही होते. मग ती व्हेग्रविल, स्मोकी लेक, कॅनोरा इथून होऊ नये असं एकही कारण उरत नाही. केंद्राने आणि प्रांतांनी ठरावीक प्रमाणात पदं छोट्या गावांत ठेवण्याचं बंधन स्वतःवर घालून घ्यावं. आणि कोणतीही शाळा, बस, कार्यालय बंद करण्याआधी त्या भागाच्या लोकवस्तीवर आणि सांस्कृतिक जीवनावर काय परिणाम होईल याचा अहवाल सक्तीने जाहीर करावा. धरण बांधताना पाण्याचा अभ्यास होतो. वस्ती मोडताना काहीच अभ्यास होत नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत तातडीचा आहे. २०२२ च्या मार्चमध्ये, रशियाच्या आक्रमणानंतर, कॅनडाने युक्रेनी लोकांसाठी खास तात्पुरता परवाना सुरू केला. २०२४ च्या वसंतापर्यंत तीन लाखांच्या जवळपास माणसं त्यावर इथे आली. पैकी बहुतेक शहरांत राहिली. व्हेग्रविलच्या पट्ट्यात त्यांच्या भाषेत प्रार्थना होणारी चर्च होती, रिकामी घरं होती, मदतीला धावलेली माणसं होती. पण भाड्याचं नीट घर, गाडी नसणाऱ्यासाठी वाहन, मुलांसाठी इंग्रजीचा वर्ग आणि आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी यांतलं बरंच काही नव्हतं. जे १९९४ ते २०१८ पर्यंत तिथे होतं आणि परदेशातून येणाऱ्यांच्याच कामाचं होतं, ते कार्यालयही नव्हतं.

या नव्या माणसांकडून पिलिपिव्हच्या काळाची नक्कल अपेक्षू नये. खार्किव्हच्या संगणक अभियंत्याला बुकोव्हिनाच्या शेतकऱ्याचा सदरा चढवून मिरवणुकीत उभं करण्यात काही अर्थ नाही. त्यांची युक्रेनी भाषा वेगळी आहे, काहींच्या घरी रशियन बोलली जाते, शेती त्यांच्यापैकी अनेकांनी कधी केलेली नाही. शंभर वर्षांपूर्वीचे गॅलिशियन शब्द जपून ठेवलेल्या बाबाला आणि कीव्हहून आलेल्या तरुणीला एकमेकींचं बोलणं समजून घ्यायला वेळ लागतो. तो वेळ मिळाला तर दोघींनाही काही नवं मिळेल. पण त्यासाठी ती तरुणी तिथे राहायला हवी.

अल्बर्टाने २०२२ मध्ये ग्रामीण भागात नोकरी स्वीकारणाऱ्यांना कायम वास्तव्यासाठी शिफारस करणारी योजना सुरू केली आहे. तिचा आवाका लहान आहे आणि ती नोकरी देणाऱ्यावर अवलंबून आहे. युक्रेनी परवान्यावर आलेल्या, या पट्ट्यात दोन वर्षं राहिलेल्या आणि काम केलेल्या कुटुंबांना थेट कायम वास्तव्य द्यावं, त्यांच्या पदव्यांना मान्यता देण्याचं काम प्रांताने सहा महिन्यांत उरकावं, आणि एडमंटन ते टू हिल्स, एडमंटन ते स्मोकी लेक अशी रोजची बस प्रांताने स्वतः चालवावी. कॅनडातल्या मराठी मंडळांनी, ज्यांना १९७१ च्या धोरणाचा लाभ आयता मिळाला, आपापल्या खासदाराला ही मागणी लिहून पाठवावी. पत्राला पैसे लागत नाहीत. त्या कुटुंबांचे परवाने मुदतीचे आहेत, मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ती दिवस काढत आहेत. मूल कोणत्या शाळेत घालायचं आणि घर कुठे घ्यायचं हे त्यांना आता ठरवायचं आहे.